वाकलेली काठी

“मोडली असती तर बरं झालं असतं,” ओळंबा म्हणाला. “नवी घ्या म्हणून मोकळा झालो असतो. वाकलीय, म्हणजे आता डोकं चालवायला लागणार.”

क्रेननं उतरवलेली डोलकाठी शेडमध्ये लाकडी घोड्यांवर आडवी पडली होती. भर वाऱ्यात बाजूची तार सुटली आणि अ‍ॅल्युमिनियमची ती काठी वरच्या भागात वाकून बसली. बोटीचे मालक बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. ते काठीकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत होते. शेजारी त्यांची बायको होती.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एक डोळा मिटून काठीवरून नजर टाकली की सूतभर वाकही त्याला कळायचा, म्हणून बंदरातल्यांनी गवंड्याच्या ओळंब्यावरून ते ठेवलेलं. एकतीस वर्षं तो याच शेडमध्ये शिडाच्या बोटींच्या काठ्या दुरुस्त करत होता. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. लांबच्या शहरातला मुलगा फोन उचलला की आधी विचारायचा, “बोला बाबा, काय काम होतं?” काम काहीच नसायचं. ओळंबा हवापाण्याची दोन वाक्यं बोलून फोन ठेवायचा.

“वाकलेला तुकडा कापू,” तो म्हणाला. “जोडाला आतून नळी घालून रिव्हेट मारू. वीतभर आखूड होईल, तेवढं चालवून घ्या. नळी बाहेरून मागवावी लागेल. ती आली की दोन दिवसांचं काम.”

“वेळेत होईल ना, भाऊ?” बाईंनी विचारलं. “दोन आठवड्यांनी लेकीच्या बाळंतपणाची तारीख आहे. पहिलीच वेळ. इथून सहा दिवसांचं अंतर. तिच्याच गावच्या बंदरात बोट लावून राहायचं ठरवलंय आम्ही. दोघं बोटीनंच येतो म्हणून सांगून बसलोय.”

“होईल की.”

बोट शेडला लागूनच टेकूंवर उभी केली होती आणि दोघं तिच्यातच राहत होते. बाई शिडी उतरून शेडमध्ये यायच्या, उलट्या डब्यावर बसून गप्पा मारायच्या. “हे घोरतात हो. घरात असताना दुसऱ्या खोलीत जाता यायचं, बोटीत कुठं जाऊ?” ओळंबा हसायचा. “जेवलात का, भाऊ?” त्या विचारायच्या, आणि तो जेवला नसला तरी “हो” म्हणायचा, कारण विचारलं एवढ्यानंच त्याचं अर्धं पोट भरायचं. तो रोज दाढी करायला लागला.

पाच दिवसांनी, सोमवारी, नळीचं पार्सल आलं. त्यानं सही करून घेतलं आणि रंगाच्या डब्यांमागे सरकवून ठेवलं.

“आली का नळी?” संध्याकाळी साहेबांनी विचारलं.

“नाही अजून.”

एकतीस वर्षांत तो गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नव्हता. ते इतक्या सहज जमलं याचंच त्याला नवल वाटलं. मंगळवारीही जमलं. बुधवारी बाईंनी लेकीच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या, तेव्हा तर हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी कपडे वाळत घालायला दोरी शोधताना बाईंच्या हाताला पार्सल लागलं. त्यावरची तारीख त्यांनी दोनदा वाचली.

“सोमवारीच आलं होतं?”

“हो.”

“मग?”

ओळंबानं हातातला पाना पुसला. पुसलेला पाना पुन्हा पुसला. “लावली असती तर काल गेला असता तुम्ही,” तो म्हणाला.

 बाईंनी पार्सल घोड्यावर, काठीशेजारी ठेवलं. “दोन दिवस काम, वर सहा दिवस वाट; आता बोटीनं वेळेत पोचणं होत नाही. मी आज बसनं निघते. यांना मी काही सांगणार नाही, भाऊ.”

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओळंबानं काठी कापली, नळी ठोकून बसवली, रिव्हेट मारले. दुसरं टोक धरायला साहेब उभे होते. “तुम्ही जीव तोडून काम करताय,” ते म्हणाले. “नळीला उशीर झाला त्याला तुमचा काय इलाज?”

ओळंबाचा हात थांबला. “नळी सोमवारीच आली होती, साहेब. मी लपवली.”

“का?”

ओळंबानं पुढचा रिव्हेट उचलला. साहेबांनी बाई बसायच्या त्या डब्याकडे एकदा पाहिलं. काठीचं टोक त्यांनी सोडलं नाही. “आटपा,” एवढंच म्हणाले. 

शनिवारी दुपारी काठी उभी राहिली, तारा ताणून झाल्या, क्रेननं बोट पाण्यात सोडली. ओळंबानं धक्क्यावरची दोरी सोडून आत फेकली. साहेबांनी ती झेलली आणि मान हलवली. ती निरोपाची होती की नुसती दोरी मिळाल्याची, ते त्याला कळलं नाही.

बंदराच्या तोंडापाशी वारा लागला. शीड वर चढेना, मध्येच अडकलं. साहेब सुकाणू सोडून दोरीकडे धावले, तशी बोट भरकटली. ते दोरी सोडून सुकाणूकडे आले, तसं शीड पुन्हा फडफडायला लागलं. ओळंबा धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला. पुढं पाणीच होतं. दोन माणसांची बोट एकटा माणूस चालवत होता, सुकाणूकडून दोरीकडे, दोरीकडून सुकाणूकडे.