अचूक काट्याचा दाखला

"तीन किलो दोनशे गेलं!" असा पुकारा झाला की गोदामात टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. गेलं म्हणजे रोग गेला. पत्र्याच्या त्या बंद पडलेल्या गोदामात मधोमध वजनाचा मोठा काटा, शेजारी खुर्चीत तोलबाबा आणि दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग. मधुमेहवाले, खोकलेवाले, पोटात गाठ असलेले, सगळे अनवाणी काट्यावर चढायचे आणि आकडा उतरलेला दिसला की आनंदानं रडायचे.

"रोगाला वजन असतं की नाही?" बाबा विचारायचा.

"असतं!"

"मग तुमचं वजन उतरलं म्हणजे काय उतरलं?"

"रोग!"

उपचार सोपा होता. औषधं बंद, दिवसातून दोनदा वाटीभर भाताचं पाणी आणि आठवड्याला एक तोल. एखाद्याचं वजन वाढलंच तर बाबा डोळे वटारायचा, "चोरून गोळ्या खाल्ल्यास ना? पोसलंस ना रोगाला?" तो बिचारा मान खाली घालून कबूल करायचा. खाल्ल्या नसल्या तरी करायचा.

माझा धंदा काटे दुरुस्तीचा. खोटा काटा मी लांबून ओळखतो अशी माझी फुशारकी होती. माझी थोरली बहीण घरीच शिवणकाम करायची. तिला क्षय झाला होता. दवाखान्याच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते आणि त्रेचाळीस किलोची ताई शेहेचाळीसवर आली होती. पण गोळ्यांनी तिला मळमळायचं आणि शेजारणी येता-जाता बाबाचे गोडवे गायच्या.

"तू एकदा तो काटा तपासून ये," ताई म्हणाली. "तू खरा म्हणालास तर जाईन. नाहीतर त्या बाबाचं नाव काढणार नाही."

मला हेच हवं होतं. कुठेतरी छुपं बटण असणार, नाहीतर खालून ओढलेली तार असणार. सरकारी शिक्का मारलेली प्रमाणित वजनं घेऊन मी गेलो, भर गर्दीत काटा उघडला, तळ चाचपला, तारा तपासल्या. वीस ठेवले, वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस दाखवले. तीनदा फिरवून बघितलं, ग्रॅमचा फरक नाही.

"बोला मिस्त्री," बाबा गोड आवाजात म्हणाला, "काय म्हणतो आमचा काटा?"

"काटा खरा आहे."

"जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू जात नाही."

मी मोठ्यानं म्हणालो. त्यानं मागितलं म्हणून दुकानाच्या छापील कागदावर लिहूनही दिलं आणि खाली सही ठोकली. मी प्रामाणिक माणूस, खोटं कसं लिहिणार? दुसऱ्या दिवशी ताईनं गोळ्या मोरीत ओतल्या.

शेहेचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. दर आठवड्याला तिचा फोन यायचा, "अरे, आज दोन गेले!" स्वतःचे ब्लाउज ती स्वतःच आत घेत होती. तिची मनगटं काडीसारखी झाली होती, पण मी तिनं सांगितलेला आकडा तेवढा वहीत टिपून घ्यायचो. काटा मीच तपासला होता ना.

पाच आठवड्यांनी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई त्यांचा काटा दुरुस्तीला घेऊन आल्या.

"तुमच्या ताई फिरकल्याच नाहीत," त्या म्हणाल्या.

"बरी होतेय ती. छत्तीसवर आलीय."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तीन किलो वाढलं होतं, ते बरं होणं होतं! क्षय आधीच माणसाला आतून खातो आणि तुमचा बाबा त्याला वर उपाशी ठेवतो. मग दुसरं काय होणार? ते उतरतंय ते तुमच्या ताईचं मांस आहे."

"पण काटा खरा आहे," माझ्या तोंडून निघालंच.

"खराच आहे. तुम्ही अक्कल कुठे ठेवली होती?"

मी तडक ताईकडे धावलो आणि तिला उचलून रुग्णालयात नेलं. मग बर्फाच्या कारखान्यातून एक लादी घेतली आणि भर दुपारी गोदामात जाऊन ती काट्यावर ठेवली. तीस किलो भरली. बाबा ओरडत होता, पण रांगेला गंमत वाटली. दोन तासांत पाणी लोकांच्या पायांखाली गेलं आणि आकडा साडेसत्तावीसवर आला.

"अडीच किलो रोग गेला!" मी ओरडलो. "वाजवा टाळ्या! उद्यापर्यंत लादी ठणठणीत बरी होईल. तेव्हा काट्यावर शून्य असेल."

रांगेतला एक म्हातारा खो खो हसला. मग त्याची नजर स्वतःच्या दंडाकडे गेली आणि तो हसायचा थांबला. पायात चपला सरकवून तो मुकाट्यानं बाहेर पडला. त्याच्यामागे रांग फुटली.

संध्याकाळी खाटेशेजारी बसून मी ताईला सगळं सांगितलं.

"पण काटा खरा होता ना रे?" तिनं विचारलं.

"होता."

"मग तू खोटं नाही बोललास," असं म्हणून तिनं माझीच समजूत घातली.

ती सहाव्या दिवशी गेली. त्या सकाळी तिचं वजन तेहेतीस किलो होतं. बाबाच्या हिशेबानं त्या दिवशी ती सगळ्यात निरोगी होती.

बाबानं आता दुसऱ्या गावात दुकान मांडलंय आणि तिथेही रांग लागते. भिंतीवर माझा दाखला चौकटीत लावलाय. तुमच्यापैकी कुणी तिथे गेलंच, तर तो नीट वाचा. सही माझी आहे आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त मी केली ती चूक करू नका. आकडा खरा आहे का, एवढं विचारून थांबू नका. काट्यावर चढण्याआधी बाबाला विचारा, माझ्यातलं नेमकं काय कमी होणार आहे? आणि तो उत्तर देईपर्यंत गोळ्या मोरीत ओतू नका.