चूल अंगणात आणली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. मधुकर. आमची वंदी तीन वर्षांची होत आली तरी बोलत नव्हती, आणि त्यात अर्धा वाटा मधुकरचा होता. उरलेला अर्धा माझा, कारण मी वर्षभर त्याचं ऐकून घेतलं.

छप्पन्न साली आमचं बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा हा कचेरीत मराठी कागदांचा कारकून होता. साहेब म्हणाले, आता सगळं हिंदीत. हा घाबरला. नोकरीची धास्ती माणसाला लागते, ते मी समजू शकते. पण याने घरी येऊन फर्मान काढलं: घरात मराठी बंद. दोन दोन भाषांनी पोरगी गोंधळेल म्हणे. वंदी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. माय, भाकर, मनी असे सात-आठ शब्द तिच्या तोंडी नुकते बसले होते.

मी दापोरा गावची, केळीच्या मळ्यात वाढलेली. माझी हिंदी बाजारापुरती: कितने का दिया, इधर आओ, चुप बैठो. तेवढ्यात लेकराशी किती बोलणार? आधी मी भाकरी थापता थापता तिला सगळं सांगायची. पीठ सैल झालं, मामी रुसली, मांजर माळ्यावर व्याली. आता सगळं पोटात ठेवून कामं उरकायची. मी गप्प झाले तशी वंदीही गप्प झाली. आलेले शब्दसुद्धा गेले. एकच उरला. बाहुलीवर बोट रोखून ती म्हणायची, "चुप."

शेजारच्या सोजरबाईंनी जीभ सुटावी म्हणून मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावलं. डॉक्टरांनी पाठीमागे टाळी वाजवली, वंदीने गर्रकन वळून पाहिलं. "कान उत्तम आहेत," म्हणाले. मधुकर रोज संध्याकाळी तांब्या तिच्या नाकासमोर धरायचा, "बोलो, यह क्या है?" परीक्षाच ती. वंदी तोंड फिरवायची.

दिवाळीत त्याने मला सांगून टाकलं. खंडव्याला त्याचे मोठे भाऊ गिरधर मास्तर होते. त्यांच्या घरी शुद्ध हिंदी. संक्रांत झाली की ते येऊन वंदीला घेऊन जाणार, शाळेत घालण्याइतकी होईपर्यंत ती तिकडेच राहणार. मला विचारलं नाही. माझी लेक जाणार होती, आणि मला विचारलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात तीन विटा मांडल्या, चूल पेटवली. पाटा-वरवंटा बाहेर, सूप बाहेर, वंदी माझ्याजवळ बाहेर.

"ये क्या तमाशा है?" मधुकर दारातून ओरडला.

"फर्मान घरातलं हाय ना? घरात मी एक शबद बोलत नही. हे आंगन हाय."

भिंतीपलीकडे सोजरबाई खो खो हसल्या. मधुकर न जेवता कचेरीत गेला. जाऊ दे, म्हटलं.

मग मी बोलत सुटले. वंदी ज्याच्याकडे पाहील त्याच्याबद्दल बोलायची. मुंगीकडे पाहिलं तर मुंगीचं, धुराकडे पाहिलं तर धुराचं. तिने नुसतं "उं" केलं तरी मी उत्तर द्यायची. पंधराव्या दिवशी ती डोळे चोळत म्हणाली, "माय, धूर." मी पिठाच्या हातांनी तिला उचलून घेतलं आणि रडले. महिनाभरात ती भाजीवालीला "भटा दो" म्हणू लागली आणि तोच भटा माझ्या हाती देताना "वांगं" म्हणू लागली. गोंधळली नाही काही. बापासमोर मात्र तोंड मिटलेलं. तांब्या दिसला की माझ्यामागे लपायची. ती बोलू लागली, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्याला ते माझं नाटक वाटलं.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गिरधर मास्तर अंगणात आले. टांगा दाराशी उभा ठेवला. मोठ्या दिरांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर कपाळावर ओढून खाली बघायचं, एवढंच माहीत.

"बेटी, नाम क्या है?" त्यांनी विचारलं. वंदी माझ्यामागे सरकली.

"देखा?" मधुकर म्हणाला आणि तिला उचलायला वाकला.

वंदीने माझं लुगडं दोन्ही मुठींत धरलं आणि बापाच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "मले नही जायाचं."

मधुकर वाकलेला तसाच राहिला. लेकीने त्याला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

गिरधर मास्तर खाकरले. "मधू, लडकी को तमीज..."

मी पदर मागे सारला. "भाऊजी, तुम्ही थांबा." मग नवऱ्याकडे वळले. "तुम्हाले बोललीय ती. उत्तर द्या. हिंदीत द्या, मराठीत द्या, मले चालते. पन परीक्षा घेऊ नका, तिच्याशी बोला. अन् टांगा परत पाठवा. लेक माझी इथंच राहीन."

मधुकरचे ओठ हलले. हिंदी आली नाही, मराठीही आली नाही. वर्षभर दुसऱ्यांची तोंडं बंद करणाऱ्याला शब्द सापडेना. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. शेवटी तो उकिडवा बसला, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर आला.

"काहून नही जायाचं, माय?" त्याने विचारलं.

वंदीने माझं लुगडं सोडलं आणि ती त्याला सांगायला लागली.