दोन साडूंमधला भुसा

हातानं काही घडवल्याशिवाय माणसाचा जन्म सार्थकी लागत नाही, असं शेखर गांगुर्डे निवृत्त झाल्या दिवसापासून मानत आले होते. या श्रद्धेतून आजवर काही पाट, एक चपलांचं कपाट आणि एक देवघर घडलं होतं. पाट डुगडुगत. देवघराचं दार एकदा लागलं ते लागलंच. देव आत राहिले आणि पत्नी लताबाई बाहेर. त्या आता बाहेरूनच उदबत्ती ओवाळीत.

नाशिकच्या सातपूरमधल्या त्यांच्या रो-हाउसपुढे पत्रा टाकलेली पार्किंगची जागा होती. आतल्या अर्ध्या भागात शेखररावांची सुतारकी चाले, गेटकडच्या अर्ध्या भागात यादवरावांची सायकलदुरुस्ती. यादवराव त्यांचे साडू, लताबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण गेली आणि पाठोपाठ कारखान्यातली फिटरची नोकरीही संपली, तेव्हा मागच्या गल्लीत हा माणूस एकटा भिंतीशी बोलत बसेल म्हणून लताबाईंनीच त्यांना इथं आणून बसवलं. गल्लीतली पोरं, कॉलेजच्या मुली, रविवारी त्र्यंबकपर्यंत सायकली हाणून येणारे डॉक्टर, सगळे त्यांच्याकडे येत. मजुरी ते घेत नसत. चहा मात्र लताबाईंचा जाई.

भांडण होतं ते भुशावरून. लाकडाचा भुसा उडतो आणि तेलकट चेनला जाऊन चिकटतो, याला दोघांकडेही इलाज नव्हता.

"ग्रीसमध्ये भुसा म्हणजे शिऱ्यात वाळू," यादवराव म्हणत. "तू लाकूड कापतोस का दळतोस रे?"

"वारा तुमच्याकडं जातो, साडूभाऊ. वाऱ्याला मी काय सांगू?"

"वाऱ्याला नको, तुझ्या करवतीला सांग. तिला तसंही सरळ जाणं ठाऊक नाही."

मध्ये लताबाईंची जुनी साडी पडद्यासारखी बांधून झाली. भुसा साडीखालून जाई. भांडणाची मात्र सोय झाली. एकमेकांचं तोंड न बघता भांडता येऊ लागलं. असं सगळं सुखात चाललं होतं.

मग एकदा शेजारच्या तेजस्विनीची दुरुस्त झालेली सायकल बाहेर काढून देताना शेखररावांनी सहज ब्रेक दाबला आणि तो दबतच गेला. तेजस्विनी म्हणजे पलीकडच्या रविराजची मुलगी. रोज त्याच सायकलवर कॉलेजला जाई. शेखररावांनी वाकून बघितलं. ब्रेकच्या वायरीचा नट आवळलेलाच नव्हता.

"साडूभाऊ, हा राहिला वाटतं."

यादवराव आले आणि नटाकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. "मी आवळला होता," ते म्हणाले, पण विचारल्यासारखं.

सगळी हयात नट आवळण्यात गेलेल्या माणसाचा तो चेहरा शेखररावांना बघवेना. तोंडातून निघून गेलं, "माझा भुसा गेला असेल आट्यांत. त्यानं सैल पडला असेल."

यादवरावांच्या जिवात जीव आला. "तरी मी कधीचा बोंबलतोय!" असं म्हणून त्यांनी नट आवळला आणि आवळता आवळता साडूला मनसोक्त शिव्या घातल्या. शेखररावांनी त्या आवडीनं ऐकून घेतल्या.

तिथून पुढे सगळ्याचं खापर भुशावर. संध्याकाळी यादवराव घरी गेले की शेखरराव पाना घेऊन एकेका सायकलभोवती फिरत. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून ते ब्रेक, चेन, चाकांचे नट तपासायला शिकले. कधी पेडल नुसतं अडकवलेलं असे, कधी चेन भलत्याच दात्यावर. एकदा तर सीटच उलटं बसवलेलं निघालं.

"भुशानं सीट उलटं फिरतं?" लताबाईंनी विचारलं.

"बारीक असतो तो," शेखरराव म्हणाले.

लताबाईंनी आत जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या, त्या गरजेपेक्षा बऱ्याच जास्त झाल्या.

शेवटी यादवरावांनी निकाल दिला. "शेखर, हे लाकडाचं बंद कर आता. पोरांच्या जिवाशी खेळ आहे."

शेखररावांकडे यावर बोलण्यासारखं खूप होतं. "बरं," ते म्हणाले.

लताबाईंच्या गुडघ्यांसाठी, ओट्याशी बसायला म्हणून, एक उंच स्टूल चाललं होतं. ते अर्धवटच, रंधा, करवत आणि पटाश्यांसकट माळ्यावर गेलं. साडी सोडली, फरशी धुतली. यादवराव सगळ्या जागेत हातपाय पसरून काम करू लागले. खूश होते. आणि नट सैल निघतच होते, फक्त आता सांगायला भुसा उरला नव्हता.

शेखररावांनी स्कूटर काढली आणि लाकडाच्या वखारीत गेले.

"भुसा पाहिजे."

"कोंबड्यांना?" वखारवाल्यानं विचारलं.

"साडूंना."

वखारवाल्यानं मुकाट्यानं पिशवी भरून दिली.

मग रोज सकाळी यादवराव यायच्या आधी, रांगोळी टाकावी तसा, चिमूट इथं चिमूट तिथं भुसा पडू लागला. "कोपऱ्यांत जुना साठलेला असणार, निघतोय हळूहळू," शेखरराव सांगत.

"वर्षभर निघेल," यादवराव म्हणत. समाधानानं.

दिवाळीनंतर लताबाईंच्या माहेरचं एक लग्न निघालं, चांदवडला. यादवराव म्हणाले, तुम्ही जा, मला कामं आहेत. नवरा-बायको गेले आणि आग्रहानं मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तर गेटात रविराज उभा. तेजस्विनीच्या सायकलचं पुढचं चाक उतारावर निखळून आलं होतं. हनुवटीला टाके पडले होते, एक दात गेला होता. रविराज ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कालच इथून नेली होती, काका," तो म्हणाला.

"भुसा," यादवराव म्हणाले. "शेखरचा भुसा..." आणि त्यांनी खाली बघितलं. फरशी लख्ख होती. एक कण नव्हता.

"चूक माझी आहे, रविराज," शेखरराव घाईघाईनं म्हणाले. "मी रोज बघतो. काल नव्हतो."

"काय बघता?" रविराजनं विचारलं.

जरा वेळ थांबून तो गेला. यादवराव पायरीवर बसले.

"शेखर, तुझी करवत तर माळ्यावर आहे."

"हो."

"मग रोजचा भुसा कुठून येत होता?"

"वखारीतून."

"किती आणलास?"

"पिशवीभर. अर्धी उरलीय."

यादवरावांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "आणि मी तुला लाकूड सोडायला लावलं."

"पाट तसेही डुगडुगतच होते, साडूभाऊ."

"ते होतेच," यादवराव म्हणाले.

मग त्यांनी फडकं घेतलं. एकेक पाना पुसला आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगला. दोन पान्यांची जागा चुकली. शेखररावांना ते दिसलं. ते उठले नाहीत, पाने तसेच राहू दिले.

"दाजी, चहा ठेवलाय," लताबाई आतून म्हणाल्या.

शेखरराव नंतर तेजस्विनीला बघायला गेले, तेव्हा तिनं हसायचा प्रयत्न केला आणि लगेच तोंडावर हात घेतला. ती आता बसनं जाते. यादवराव संध्याकाळी चहाला तेवढे येतात आणि पार्किंगकडे न बघता थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतात. कधी कधी ते लताबाईंना "सुमन" म्हणून हाक मारतात. सुमन त्यांची बायको. लताबाई ओ देतात.

शेखररावांचा मुलगा हर्षल पुण्याहून बदली होऊन नाशिकला आला. त्या जागेत तो आता गाडी लावतो. ती पुरती मावत नाही, मागचा भाग पत्र्याबाहेर, उन्हात राहतो.