जुन्या पेशीची साखर आणि इंद्रभानचे धोतर

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो, आणि जुनी आहे हीच माझी लाज. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात खळगीच्या तळाशी जन्मायचे, हळूहळू वर चढायचे आणि चार-पाच दिवसांत मुकाट्याने गळून पडायचे, ही आमच्या कुळाची रीत. मी गळले नाही.

आमच्या अंगावर साखरेच्या माळा असतात. हसू नका! गुढीला बांधतात त्या गाठींसारख्याच म्हणा, पण फांद्या फुटलेल्या. त्या चाचपून रक्तातले पहारेकरी ओळखतात, हे आपलेच माणूस. माझ्यात बिघाड झाला तशा माझ्या माळा आखूड, तुटक विणल्या जाऊ लागल्या. कित्येकींच्या टोकाला आम्लाची टोपी चढली. ती टोपी पाहून पहारेकरी रामराम करून पुढे जात. भुईमुगाचा दाणा मात्र फसत नाही. त्यातले एक द्रव्य नेमके तुटक्या उघड्या माळेला चिकटते. शहाण्यांना हे पुष्कळ नंतर कळले. पण ज्याच्या पोटात मी राहत होते, तो मेहकरकडचा इंद्रभान मूठमूठ शेंगदाणे खायचा. दर मुठीला मला वाटे, सापडले! मग मी माझ्यातूनच फुटलेल्या, माझ्यासारख्याच लेकींना घट्ट बिलगे. बिलगता बिलगता आमची गाठ झाली आणि गाठीतून रक्त झिरपू लागले.

महाराष्ट्र राज्य नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. पुरुषमंडळी सकाळी टमरेल घेऊन गप्पा हाणत ओढ्याकडे जात. रक्त दिसले तसा इंद्रभान एकटाच लांबच्या तुरीत जाऊ लागला.

"काऊन बे, तुरीत सोनं पुरलं काय?" त्याचा दोस्त शालिग्राम ओरडे.

मूळव्याध असेल, असे मनाशी धरून इंद्रभानने ठेचा सोडला. कोणाला सांगितले नाही. धोतरावर डाग पडू लागले, तेव्हा ते स्वतःच नदीवर नेऊन धुऊ लागला. तिथेच फसला! बायका इतक्या हसल्या, की काय झाले ते पाहायला मासोळ्या काठावर चढल्या.

"नवरा धोतर धुते अन् बायको घरी बसते, वा!"

हे कानावर आले तशी त्याची बायको कौशल्याबाई तणतणत नदीवर आली. "गावात नाक कापलं माहं! आना इकडे ते." तिने धोतर हिसकले, आणि डाग पाहून तिचा आवाज खाली आला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगाची लाज वाटे."

"अन् तुमी मेले असते, त लोकाइले काय सांगू मी? धनी लाजून मेला?"

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला बुलढाण्याच्या मोटारीत बसवले. डॉक्टरांनी बोट घालून तपासले, तेव्हा इंद्रभानने डोळे गच्च मिटले. मला डोळे नाहीत, तरी मीही मिटले. माझ्या माळांना तेव्हा नवे आकडे फुटले होते. त्यांनी रक्तवाहिनीची भिंत धरायची आणि दूर यकृतात जाऊन नवे घर थाटायचे, एवढेच उरले होते. तेवढ्यात सुरी आली. आमची गाठच उपटली गेली.

तेव्हापासून मी डॉक्टरांच्या फळीवर काचेच्या बरणीत आहे. वर्षभराने इंद्रभान आला, चांगला धट्टाकट्टा. कौशल्याबाई सांगत होती, "आता माहं लुगडंबी हेच धुतात. त्या दिशी शालिग्रामभाऊ हासले. यायनं सगळ्याइच्या देखत सांगतलं, 'रक्त पडे मले, गाठ काढली!' भाऊ सांजच्याले हळूच येऊन पुसतात, 'बुलढाण्याची मोटार कवा जाते बे?'"

दाराआड शालिग्राम भिंतीकडे तोंड करून उभा होता. इंद्रभानने त्याचा हात धरून आत आणले.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी एकटेच लांब जाऊ लागले, आवडीचा ठेचा ताटात ठेवू लागले, तर विचारा. विचारले तर सांगा. लाज माझी आहे, ती माझ्याजवळ बरणीत राहू द्या. झाकण घट्ट आहे.