आठ फुटांवरून

माझ्या भिंगाभोवती एक अरुंद कडं आहे. त्यावर फुटांचे आकडे कोरलेले आहेत: साडेतीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, पंधरा, तीस, आणि शेवटी आडव्या इंग्रजी आठासारखी अनंताची खूण. आकड्यांत भरलेला पांढरा रंग अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. फक्त आठातला पार निघून गेला आहे, कारण एका माणसाचा अंगठा वर्षानुवर्षं त्याच जागी येऊन थांबत होता.

मित्रांनो, मी घडीचा कॅमेरा आहे. मिटल्यावर जाड वहीएवढा दिसतो. कळ दाबली की माझं दार उघडतं, काळा भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाशी भिंग उभं राहतं. तुमच्या घरातल्या फोनसारखं समोरचं अंतर मला आपोआप कळत नाही. ते फोटो काढणाऱ्याने नजरेने ठरवायचं आणि कडं फिरवून मला सांगायचं. आठ सांगितलं की मी आठ फुटांवरचं स्पष्ट उतरवतो, मग तिथे माणूस असो की नुसती हवा.

मी तयार झालो त्या कारखान्यात भात्याच्या घड्या एक बाई हाताने घालत असे. तिच्या बोटांना सरसाचा वास यायचा. शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बसत. त्यांनी खिडकीबाहेरच्या दूरच्या धुराड्यावर माझं भिंग रोखलं, कडं केसभर इकडे, केसभर तिकडे केलं आणि तीन बारीक स्क्रू घट्ट आवळले. "आता हा खोटं बोलायचा नाही," ते शेजारच्याला म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण मी फार मनावर घेतलं.

दोन-तीन हात फिरून मी बाबांकडे आलो. त्यांना घरात बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. बाबा जमिनीची मोजणी करायचे. उन्हातान्हात साखळी आणि झेंडे घेऊन हिंडायचे आणि कुणाचा बांध कुठे संपतो ते कागदावर आणायचे. नजरेने अंतर सांगण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. सहकारी त्यांना 'चालता टेप' म्हणत. घरी ते लेकीशी खेळ खेळायचे. बाबा म्हणायचे, "दारापासून चिंचेपर्यंत एकतीस फूट." मग छोटी लेक टेप ओढत धावायची आणि तिकडून ओरडायची, "एकतीस आणि चार बोटं!"

"चार बोटं चिंचेची साल," बाबा म्हणायचे. हरायचे नाहीत.

आईचे फोटो ते नेहमी आठ फुटांवरून काढत. आई म्हणजे त्यांची पत्नी. जेवणाच्या खोलीतल्या खिडकीपाशी तिची खुर्ची असे, मागे जाडसर विणीचा पडदा. "आठ फुटांवर माणूस गुडघ्यापर्यंत मावतो," बाबा सांगत, "आणि तो काय बोलतोय तेही ऐकू येतं." आई बहुतेक वेळा "आटपा आता, भात लागेल" असंच बोलत असे. पण फोटोत ती हसताना दिसायची. नातेवाईक म्हणायचे, काय सुरेख फोटो आहे. अशा वेळी मी मिटलेला असलो तरी सगळं ऐकायचो.

मग रंगीत फोटो आले, त्यानंतर फोन आले. मला कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. तिथे किती वर्षं गेली ते सांगता येणार नाही. अंधारात मोजायला काही नसतं. दमट हवेने भिंगावर बुरशीचं एक जाळं धरलं, तेवढंच काय ते घडलं.

मला खाली काढलं ते लेकीने. ती आता रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पेशी मोजते, त्यामुळे स्पष्ट आणि अस्पष्ट यांतला फरक तिला चांगला कळतो. बाबा निवृत्त होऊन नुसते खिडकीत बसत, म्हणून तिने कृष्णधवल फिल्मचे रोल मागवले, भिंग पुसून घेतलं आणि मला त्यांच्या हातात ठेवलं. बाबांच्या अंगठ्याने न बघता आठाचा आकडा शोधला. मित्रांनो, कुणीतरी आपल्याला विसरलेलं नाही हे असं एका अंगठ्यावरूनही कळतं.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. बाबा फोटो काढायचे. लेक काळ्या पिशवीच्या बाह्यांत हात घालून फिल्म डबीत भरायची, पाण्याला तापमापक लावून ती न्हाणीघरात धुवायची आणि कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर टांगायची. वाळली की एकेक पट्टी स्कॅनरच्या काचेवर ठेवायची. खालून उजेडाची दांडी सावकाश सरकत जायची आणि संगणकाच्या पडद्यावर आई उमटायची.

पहिले काही रोल छान आले. पुढे आईचा चेहरा धुरकट येऊ लागला. लेकीने चित्र मोठं करून पाहिलं. आईच्या भुवया एकमेकींत मिसळल्या होत्या, पण मागच्या पडद्याचा धागा न धागा मोजता येत होता. पुढच्या रोलमध्येही तेच. बागेत काढलेल्या फोटोत आई धूसर, मागचं कुंपण लख्ख.

"म्हातारा झालाय कॅमेरा," बाबा म्हणाले. "भिंग ढिलं झालं असणार."

"मीही म्हातारी झालेय," आई म्हणाली. "सुरकुत्या दिसत नाहीत, तेच बरं."

माझ्यावर ठपका आला होता आणि बोलायला मला तोंड नव्हतं. लेक मला घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेली. त्यांच्या दुकानात घड्याळं टिकटिकत होती. काकांनी माझी पाठ उघडली, फिल्मच्या जागी दुधी काच बसवली, टेपने बरोबर आठ फूट मोजून तिथे वर्तमानपत्र टांगलं आणि कडं आठावर आणलं. काचेवर जाहिरातीतली बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मग दहा फुटांवर, मग पंधरावर.

"याला काहीही झालेलं नाही," काका म्हणाले. "वापरतं कोण?"

"बाबा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाडी चालवतात का अजून?"

लेकीने मला मिटलं आणि घरी आणलं. "थोडं तेल घालून दिलं काकांनी," तिने बाबांना सांगितलं. त्यानंतरचे फोटो ती संगणकावर घासून पुसून रेखीव करून दाखवू लागली. बाबा म्हणाले, "बघ, तेलाचीच गरज होती." त्या दिवसांत त्या घरात मी सोडून सगळेच थोडं खोटं बोलत होते.

कारण मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. मी बाबांच्या गळ्यात असायचो. एकदा आई पाणी आणायला आत गेली, तेव्हा बाबांनी तिच्या खुर्चीपासून आपल्या जागेपर्यंत हळूच पावलं टाकली. पावलांनी आठ फूट सांगितले. मग ते वळले, एक डोळा मिटून खुर्चीकडे पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. डोळ्यांनी दहा सांगितले. त्यांचा अंगठा आठावर थोडा वेळ थांबला आणि मग दहावर गेला. डोळ्यांचं न ऐकण्याची त्यांना सवयच नव्हती.

त्याच आठवड्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली.

"खांब जवळ होता जरा," बाबा म्हणाले.

"तीस वर्षं तिथेच उभा आहे बिचारा," आई म्हणाली. "आजच काय त्याला पुढे यायची हौस आली?" पण गाडीत ती त्यांच्याच शेजारी बसायची, दर वेळी.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. जुन्या वस्तूला कपाटात दमट अंधारात टाकू नका. ती बिघडली असं म्हणण्याआधी एकदा नीट तपासून पाहा. आणि जवळच्या माणसाचं काही चुकतंय असं दिसलं, तर त्याचे फोटो घासून पुसून त्यालाच दाखवत बसू नका. त्याने त्याचं भलं होत नाही. हे मला लेकीला सांगायचं होतं. पण ती माझ्याआधीच तिथे पोचली.

झालं असं, की बाबांनी आईला मावशीकडे न्यायचं ठरवलं. मावशी डोंगरापलीकडे राहते. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला दरी. रविवारी सकाळी निघायचं. शनिवारी दुपारी बाबा टायरमधली हवा बघून आत आले, तेव्हा लेकीने जेवणाच्या टेबलावर बारा छापलेले फोटो मांडून ठेवले होते. एकही संगणकावर रेखीव केलेला नव्हता. शेजारी एक कागद होता आणि त्यावर दोन रकाने. मी टेबलाच्या कडेला उघडाच होतो.

बाबांनी फोटोंकडे पाहिलं नाही. आधी कागद उचलला. आयुष्यभर त्यांनी असेच कागद तपासले होते.

"हा पहिला रकाना कसला?"

"आई खरी किती लांब होती ते. तुम्ही उभे होता तिथून मी टेपने मोजलं."

"आणि दुसरा?"

"फोटोत जे लख्ख आलंय, पडदा, कुंपण, ते किती लांब आहे ते."

बाबांचं बोट दोन्ही रकान्यांवरून खाली सरकत गेलं. आठ, दहा. सहा, साडेसात. बारा, पंधरा. शेवटच्या ओळीशी ते थांबलं आणि पुन्हा वर गेलं.

"चूक कधी इकडे, कधी तिकडे असती, तर सोडून दिली असती," ते सावकाश म्हणाले. "ही बाराच्या बारा वेळा एकाच बाजूला आहे."

"हो."

"उपकरण तपासलंस?"

"काकांनी तपासलं. माझ्यासमोर." तिचा आवाज खाली गेला. "तेल घातलंच नव्हतं, बाबा."

बाबांनी मला उचललं. अंगठा आठावर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी मला अगदी हळू मिटलं, भाता घडीत नीट बसतोय ना ते बघत.

"उपकरण बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे मोजणारा चुकतोय."

आई एका हाताने फोन कानाला धरून पिशवीत मावशीसाठी काहीबाही भरत होती. ती थांबली. "अहो, उद्या किती वाजता निघायचं? मावशी फोनवर विचारतेय."

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. लेकीने हात पुढे केला नाही, तेव्हा त्यांनीच ती कागदावर, दुसऱ्या रकान्याच्या खाली ठेवली.

"तिला सांग, लेक आणून सोडेल आपल्याला," ते म्हणाले. मग बांधाचा निकाल द्यावा तसं, दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यापुढे गाडी मी चालवणार नाही."