परीक्षेला गैरहजर

"बाई, पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली. आत चला," विभागप्रमुख म्हणाले.

"मी आज गैरहजर आहे," बाकावर बसलेल्या बाई म्हणाल्या.

त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं, त्यावर ओल्या मातीची पाटी, हातात तिरका छाटलेला बोरू. परीक्षेच्या खोलीचं दार दोन पावलांवर होतं.

बाईंनी चौतीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. निवृत्त झाल्यावर विद्यापीठात सुमेरियन, मातीच्या पाट्यांवर लिहिली गेलेली प्राचीन भाषा, शिकायला नाव घातलं.

"आई, ही भाषा आता बोलतं कोण?" मुलाने विचारलं होतं.

"कोणीच नाही. म्हणून तर उलट उत्तरं येत नाहीत."

वर्गात चौघं होती. तिघं गळाली. बाई राहिल्या. पाटीवरच्या खुणा समोरच्या उजेडात सपाट दिसतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ट्यूबलाइट बंद करून डावीकडून टॉर्च तिरपा धरला, आणि सर म्हणाले, "हे समजवायला मला महिना लागतो."

शेवटचा विद्यार्थी पास होईपर्यंत वर्ग बंद करता येत नाही, असा नियम होता. विभागप्रमुखांना ती खोली हवी होती. बाई पास झाल्या की वर्ग बंद, सर घरी. गेल्या आठवड्यात सर खालच्या आवाजात म्हणाले होते, "पेपर कोरा द्या. एक वर्ष तरी वाचेल."

"येत असताना येत नाही म्हणून दाखवू? सर, मी आजवर एक खोटा रिपोर्ट दिलेला नाही."



"गैरहजर म्हणजे नापास," विभागप्रमुख आता म्हणाले. "ठाऊक आहे ना?"

"आहे. तसंच लिहा. खरं तेच लिहाल."

"तुमच्या एकटीपायी खोली अडून बसलीय."

"हे लिहिणारी माणसं चार हजार वर्षं मातीखाली थांबली. तुम्ही एक वर्ष थांबा."

"आणि पुढच्या वर्षी?"

"माझी तब्येत उत्तम आहे."

विभागप्रमुखांनी हजेरीचा कागद पुढे केला. "निदान इथे सही करा."

"गैरहजर माणूस सही कशी करेल?"

विभागप्रमुखांनी कागदाची घडी घातली आणि ते जिना उतरून गेले.

वेळ संपल्यावर सर बाहेर आले. रिकाम्या खोलीत ते तीन तास बसून होते. बाकावर टेकून त्यांनी पाटी जवळ ओढली आणि डाव्या अर्ध्या भागावर एक ओळ उमटवली. उजव्या भागात बाईंनी ती उतरवली. सुमेरमधल्या शाळकरी मुलांच्या पाट्या अशाच असत. डावीकडे गुरुजींची ओळ, उजवीकडे मुलाची, पुसून पुसून झिजलेली.

"तिसरी खूण उथळ झालीय," सर म्हणाले.

बाईंनी अंगठा ओला केला आणि उजवी बाजू सारवली. सकाळपासून पुसून पुसून ती डावीच्या निम्म्याच जाडीची उरली होती. त्यांनी बोरू पुन्हा टेकवला.