नेम बसल्याशिवाय

"डोळे मिटा," चारुदत्त सर म्हणाले, आणि आश्रमशाळेच्या मैदानावरची बावीस पोरं सतरंज्यांवर आडवी झाली. "श्वास आत घ्या. आता मनात टार्गेट आणा. पिवळा गोल. तुमचा तीर त्यात रुतलाय. लोक टाळ्या वाजवतायत."

कडुनिंबाखाली उकिडवा बसलेला लेतू आत्राम बाजूला थुंकला. डोळे मिटून नेम धरायला शिकवणारा माणूस त्याने सासष्ट वर्षांत पहिल्यांदाच पाहिला होता. त्यातून त्या आडव्या पोरांमध्ये त्याची नात राखी होती. जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आली होती, आणि चार माणसं बघायला उभी राहिली की तिचे तीर भरकटत होते. त्यावर इलाज म्हणून हे सर यवतमाळहून आले होते. मनाच्या अभ्यासातली मोठी पदवी, पांढरे बूट. हातात तीरकमठा कधी धरलेला नाही, हे त्यांच्या बोटांवरूनच कळत होतं. अशी माणसं लेतूने पुष्कळ पाहिली होती. रानडुकरांपासून ज्वारी कशी राखावी हे पंख्याखाली बसून सांगणारा एक कृषीवाला गेल्याच वर्षी त्याच्या वस्तीवर, पोडावर, येऊन गेला होता.

सरांनी त्याला पाहिलं आणि ते आदराने जवळ आले. "आजोबा, तुम्ही जुने शिकारी. जनावर समोर आल्यावर मन कसं स्थिर ठेवायचात? मुलांना दोन शब्द सांगा ना."

"मले काई येत नाई, बाप्पा," लेतू म्हणाला. "तुमचं चालू द्या. झोपल्या पोट्ट्याइले उठवू नका."

सर हसले. आपल्याला हिणवलं गेलंय हेही ज्याला कळत नाही, त्याच्यावर आणखी शब्द काय खर्चायचे, म्हणून लेतू उठला.

दिवाळीच्या सुट्टीत राखी झरीकडच्या पोडावर आली, तेव्हा त्याने तिला स्वतःच हाताखाली घेतलं. ज्वारी भरत आली होती आणि पहाटे डुकरं हटकून येत. आजा-नात फटफटायच्या आधी मचानावर जाऊन बसत. डुक्कर दिसलं की लेतू हळूच म्हणायचा, "ओढ." ती दोरी कानापर्यंत ओढायची. "धर." हात थरथरेपर्यंत धरायची. "आता खाली घे."

"सोडायचा नाई तर ओढू कायले, आबा?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"सोडता तर कोणालेबी येते."

सोडला असता तर वनखात्याने दोघांनाही नेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

चौथ्या पहाटे पिल्लं घेऊन एक डुकरीण थेट मचानाखाली आली. राखीने दोरी ओढली. तिचा श्वास लेतूला ऐकू येत होता.

"छातीत काय वाजून राह्यलं?"

"भेव."

"वाजू दे. त्याले हाकलू नको. नेम बसला का?"

"नाई."

"मंग खाली. नेम बसल्याशिवाय तीर सोडाचा नाई. कोणी कितीबी बोंबललं तरी."

मग डबा वाजवून त्यांनी डुकरं पळवली, आणि लेतूने तिला भीमाची गोष्ट सांगितली. भीमा त्याचा धाकटा भाऊ. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी सगळं पोड हाकाऱ्याला निघालं होतं. मोठा सुळ्यांचा डुक्कर अंगावर आला आणि मागून सगळे ओरडायला लागले, मार, मार. लेतूने नेम बसायच्या आधीच दोरी सोडली. तीर डुकराच्या मांडीत गेला. पिसाळलेल्या डुकराने भीमाला पोटापासून छातीपर्यंत फाडलं. तो तीन दिवस जगला. त्यानंतर लेतूने शिकार सोडली. घाई करणारा माणूस दिसला की त्याला शिसारी येई. एसटीत धावत चढणारा, ताटावर पटपट जेवणारा, कोणीही असो.

चाचणी डिसेंबरात यवतमाळला झाली. लेतू दोरीबाहेर उभा होता. राखीने दोन सामने सहज मारले. तिसरा उमरखेडच्या पोरीशी होता. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती. शेवटचा तीर उरला. दोन्ही बाजूंनी पोरांचा गलका सुरू झाला. इतक्यात वारा सुटला आणि टार्गेटवरचा कागद फडफडायला लागला.

राखीने दोरी ओढली. धरली. आणि खाली घेतली.

"बरोबर," लेतू पुटपुटला.

तिने पुन्हा ओढली. वारा थांबेना. पुन्हा खाली घेतली. एवढ्या गलक्यातही तिचा चेहरा मचानावर असायचा तसा शांत होता. तिने तिसऱ्यांदा दोरी ओढायला घेतली तेवढ्यात भोंगा वाजला.

"काय झालं?" लेतूने शेजारच्याला विचारलं.

"वेळ संपला ना. एका तीराले वीस सेकंद. नाई सोडला तर शून्य."

तीर अजून दोरीवरच होता.

चारुदत्त सर धावत आले. ते चिडले नव्हते. राखीसमोर गुडघ्यांवर बसून म्हणाले, "अगं, वाईट गेला असता तरी चाललं असतं. पाच गुणच हवे होते तुला. एवढे तर सहज मिळाले असते."

"वाईट तीर कोनाच्या अंगात घुसते, ठाऊक हाय का तुम्हाले?" लेतू म्हणाला.

सरांनी वर पाहिलं. "इथं कोणाच्याच अंगात घुसत नाही, आजोबा," ते हळूच म्हणाले. "तो कागद आहे."

लेतूने टार्गेटवर फडफडणाऱ्या कागदाकडे पाहिलं.

परतीच्या एसटीने पांढरकवडा मागे टाकला. मग त्याने विचारलं, "माह्यानं हारली का तू?"

राखीने विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "सरनं सांगितलतं, दहापर्यंत मोजाचं अन् सोडाचं. म्या मोजलंच नाई. मचानावर असल्यावानी वाटलं." मग त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "पन भेव नाई वाटला, आबा. बिलकूल."

त्याने मान हलवली.

फाट्यावर किसनसिंगचं चहाचं टपरं होतं. तांड्यावरचा हा माणूस सगळ्या गावांची खबर ठेवायचा. राखीचा चेहरा पाहून तो समजला.

"पंचाइनं घात केला असन," तो चहा गाळत म्हणाला. "आपल्या पोट्ट्याइले कोन पुढं जाऊ देते? शहरातले सारे चोर हायेत, लेतूभाऊ."

एरवी लेतूने यात स्वतःची चार वाक्यं घातली असती. राखी त्याच्याकडे बघत होती.

"पंच बरोबर होते," तो म्हणाला. "तो मास्तरबी बरोबर होता. म्याच चुकीचं शिकवलं."

किसनसिंगने दोन कप पुढे सरकवले. लेतूने आपला चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी आधी राखीपुढे धरली.